किरकोळ

गृहअर्थशास्त्र हा विषय मी पुण्यातील एका महिला महाविद्यालयात १९७२ पासून ३१ वर्षे शिकविला, आणि या साऱ्या काळात विद्यार्थिनींच्या, त्यांच्या आयांच्या, पुढे पुढे त्यांच्या मुलींच्याही तोंडून एकच मागणी वारंवार माझ्यापुढे आली, ती म्हणजे ‘बाई, घरखर्च आटोक्यात ठेवण्याच्या चार सोप्या युक्त्या सांगा’. युक्त्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही मी पुढे सांगणारही आहे. परंतु ज्या घरात रोजच्या खर्चाची नोंद होत नाही, त्या घरात युक्तीने वाचविलेला पैसा दुसऱ्या वाटेने निघून जातो आणि तो गेल्याचा कोणाला पत्ताही लागत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव असल्यामुळे आधी वहीविषयी लिहिते.

पहिल्या वर्षाच्या मुलींना मी दरवर्षी आपापल्या घरचा एका महिन्याचा जमाखर्च लिहून आणायला सांगत असे. किराणा, दूध, भाजी, इंधन, भाडे, शिक्षण, औषधपाणी, प्रवास, देणेघेणे अशी सदरे आखून दिलेली असत आणि अगदी शेवटी एक सदर असे, ‘किरकोळ’. एके वर्षी एका मुलीची वही तपासताना मी थबकले. अक्षर मोत्यासारखे, बेरजा बिनचूक, खाडाखोड कुठे नाही. पण किराण्याच्या खालोखाल मोठी रक्कम किरकोळीची. मी तिला वही परत देऊन एवढेच म्हटले, की पुढच्या महिन्यात हे सदर फोडून आण. तिने ते मनापासून केले. महिन्याअखेर जी यादी तयार झाली तिच्यात विजेच्या बिलाचा विलंब आकार होता, वाचनालयाचा दंड होता, घरातून निघायला उशीर झाला म्हणून केलेल्या चार रिक्षा होत्या, महिन्याच्या मध्यावर चहाची पूड संपल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून सुट्या दराने आणलेल्या पाच पुड्या होत्या आणि पहिली छत्री मावशीकडे राहिली म्हणून विकत घेतलेली दुसरी छत्री होती. त्या यादीत चैन म्हणावी अशी एकही बाब नव्हती, आणि घरातल्या कोणालाही एवढे पैसे कशापायी गेले हे आठवत नव्हते. त्या दिवसापासून मी एक नियम मुकर्रर केला आणि आजतागायत तो माझ्या स्वतःच्या घरी पाळते: किरकोळीची रक्कम महिन्याच्या एकूण खर्चाच्या विसाव्या हिश्शापलीकडे जाऊ द्यायची नाही, आणि जी बाब किरकोळीत तीनदा आली तिला स्वतंत्र सदर द्यायचे. सदर मिळाले की ती बाब नजरेसमोर येते, आणि नजरेसमोर आलेल्या खर्चाचा बंदोबस्त करणे मुळीच अवघड नसते.

वही रात्री लिहावी. स्वयंपाकघर आवरले, दूध विरजले, की पाच मिनिटे बसून दिवसाची नोंद करावी आणि लगेच हातातल्या रोख शिलकेशी तिची रुजुवात घ्यावी. रक्कम जुळली नाही तर ओढूनताणून जुळवू नये. ‘तफावत’ म्हणून सरळ लिहून ठेवावी. जुन्या कारभारात रोजकीर्द त्याच दिवशी लिहिण्याचा दंडक होता, आणि पेशवाईच्या रोजकीर्दी आज इतिहासाची साधने झाल्या आहेत त्या त्या दंडकामुळेच. संसाराच्या कीर्दीलाही तोच न्याय लागू आहे. हल्ली भाजीवालीच्या गाडीवरदेखील क्यूआर लावलेला असतो आणि पैसे मोबाइलवरून जातात. त्यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. पण नोट मोडताना हाताला जी जाणीव होई ती आता होत नाही, आणि मोबाइलमधली यादी पैसे कोणाला दिले ते सांगते, कशासाठी दिले ते सांगत नाही. ती यादी वहीचे काम करू शकत नाही.

ही शिस्त मी पुस्तकातून घेतलेली नाही, आईपासून घेतली. वडील वाईला कचेरीत कारकून होते. घरात माणसे नऊ आणि पगार एकाचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, म्हणजे आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे झाले. पण पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असे कोष्टक ठरले. आईने ते कोष्टक कागदावर उतरवून चुलीशेजारच्या फडताळाला आतून चिकटविले, आणि दोनच दिवसांत तिच्या ध्यानात आले, की तीन आण्यांची भाजी एकदम घेतली तर १९ पैसे पडतात आणि एकेक आण्याच्या तीन जुड्या निरनिराळ्या घेतल्या तर १८. तिने हे साऱ्या आळीला सांगितले. त्या एका पैशाने आमचा संसार तरला असे मी म्हणणार नाही. परंतु जिला एका पैशाची तफावत दिसत होती तिला दुधाच्या मापातली घट, शिंप्याकडे जास्त गेलेले वीतभर कापड आणि डब्यात तळाशी राहून खराब होणारी डाळ हेही वेळेवर दिसत होते.

डाळीवरून बेगमीचा विषय निघालाच आहे, तर तो जरा विस्ताराने सांगते, कारण काटकसरीच्या साऱ्या प्रकारांत माझे मन याच प्रकारात अधिक रमते. धान्य ज्या काळात निघते त्या काळात ते घ्यावे: तांदूळ संक्रांतीच्या सुमारास, गहू, तुरीची डाळ आणि लाल मिरची होळीनंतर चैत्रापर्यंत. आई तुरीची डाळ अंगणात धोतरावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवीत असे. दुपारी एक दाणा दाताखाली घेऊन तो कडकन फुटतो की दबतो हे पाहत असे, आणि दबला तर तिसरे ऊन देत असे. मग तापलेली डाळ लगोलग डब्यात न भरता ती घरात पसरून रात्रभर निवू देत असे, कारण गरम धान्य बंद डब्यात भरले म्हणजे आत पाणी सुटते आणि तिथूनच बुरशीला आरंभ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडेलाचा हात. किलोला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, एवढे प्रमाण पुरते. दोन्ही तळहातांना तेल लावून डाळ खालून वर अशी चोळायची, की प्रत्येक दाण्यावर चकाकी यावी पण तळाला तेल साचू नये. पुढे महाविद्यालयात यामागचे कारण शिकले: कडधान्यातला भुंगेरा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो, आणि तेलाच्या पातळ थराने त्या अंड्याला हवा मिळत नाही, म्हणून अळी दाण्यात शिरण्याआधीच नष्ट होते. आईला हे कारण ठाऊक नव्हते. कृती मात्र तंतोतंत ठाऊक होती.

तरीही दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या, उन्हाला गच्ची नसलेल्या कुटुंबाला मी वर्षाची बेगमी करा असे कधीच सांगत नाही. सोंडे आणि टोके झालेले अर्धे पोते शेवटी टाकून द्यावे लागणे याच्याइतकी महाग खरेदी दुसरी नाही. अशांनी तीन महिन्यांचे घ्यावे, डब्यावर तारीख लिहावी, आणि जुने संपल्याशिवाय नवे त्यात ओतू नये. एवढे केले तरी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पुड्या बंद होतात.

इंधनाच्या बाबतीत एकच गोष्ट समजून घेतली तर पुरे. पाणी एकदा उकळले, की खाली आच कितीही वाढविली तरी उघड्या भांड्यातल्या पाण्याचे तापमान वाढत नाही. समुद्रकाठी ते १०० अंश असते, पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या गावी ९८ अंशांच्या आसपास. मोठ्या आचेने पाण्याची वाफ तेवढी लवकर होते, डाळ लवकर शिजत नाही. म्हणून उकळी येताच आच लहान करावी आणि झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, आणि तिथेही पूर्ण दाब आल्यावर बारीक आच पुरते. तुरीची डाळ तासभर, राजमा-छोले रात्रभर भिजवावेत. विजेचा हिशेब याहूनही सोपा आहे: २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, आणि त्याच एका युनिटात ९ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक जळतो. घरातील दिवे मालविण्याबद्दल मुलांना रागावताना आंघोळीच्या गरम पाण्याकडे दुर्लक्ष होत असेल, तर राग चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आहे.

हप्त्यांविषयी मात्र कळकळीने सांगायचे आहे. समजा, १२,००० रुपयांचा फ्रीज वर्षाच्या हप्त्यांनी घेतला आणि विक्रेत्याने व्याज ‘फक्त १० टक्के’ सांगितले. व्याज झाले १,२००, एकूण १३,२००, दरमहा हप्ता १,१००. आता पाहा: पहिल्या महिन्यात आपण १२,००० वापरीत असतो, दुसऱ्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात अवघे १,०००, म्हणजे वर्षभराची सरासरी काढली तर आपल्याकडे त्यांचे ६,५०० रुपयेच होते. साडेसहा हजारांवर बाराशे व्याज म्हणजे दर झाला सुमारे १८ टक्के. तेच १,१०० रुपये दरमहा आपण बँकेत बाजूला ठेवले असते, तर ११ महिन्यांत १२,१०० जमून फ्रीज रोखीने घरी आला असता. हे गणित मी फळ्यावर मांडीत असे तेव्हा वर्गात शांतता पसरे, कारण बहुतेकींच्या घरी काही ना काही हप्त्यांवर आलेले असे. औषधोपचारासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, त्याला इलाज नाही. वस्तूसाठी मात्र थांबावे.

आणि कुठे काटकसर करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मुलांच्या दुधात, म्हाताऱ्या माणसांच्या औषधात आणि मोलकरणीच्या पगारात हात आखडणे ही काटकसर नव्हे. आपली टंचाई आपल्यापेक्षा दुर्बलाच्या माथी मारणे आहे. त्याहूनही अधिक मला जे बोचते ते असे, की आपल्या घरांत टंचाईचा पहिला आणि अखेरचा घाव घरच्या बाईच्या ताटावर पडत आला. माझी आई सर्वांत शेवटी जेवत असे. तिच्या वहीत नऊ माणसांच्या दुधाचा हिशेब चोख आहे. ती वही आजही माझ्याजवळ आहे, आणि दुधाचा रतीब कुटुंबातील माणसांत वाटून पाहिला तर तो आठांपुरताच येतो. नववी कोण, हे मला फार उशिरा कळले. ज्या संसारात वाचलेला पैसा असा उभा राहतो, तो संसार काटकसरीचा आहे असे मी मानत नाही.

व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नवी कीर्द सुरू करतात. या पाडव्याला दोनशे पानी साधी वही आपणही आणावी, सदरे आखावीत, आणि त्यांत घरच्या बाईच्या दुधाफळांचे एक सदर आठवणीने ठेवावे. पहिली नोंद मोलकरणीच्या दिवाळीची असू द्यावी. ‘किरकोळ’ हे सदर अगदी शेवटी लिहावे, आणि त्याच्यासाठी वहीत दोनच ओळी सोडाव्यात.