होल कुठे पाडायचा?

पांडेसऱ्यात राहून गोल्फवर लिहितोय, म्हणून आमच्या सौ. हसताहेत. पण नोकरीत काही वर्षं पुण्याला होतो, तेव्हा एका खातेदारामुळे येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जाणं व्हायचं. खेळलो कमी, बघितलं जास्त.

होल सव्वाचार इंच रुंद. त्याची जागा माळी बदलत राहतात. जुना खड्डा नव्या जागच्या मातीच्या गोळ्याने बुजवतात. जागा कशी ठरवता, विचारलं तर एक जण म्हणाला, "साहेब, आधी गवत किती बारीक कापलंय ते बघायचं, मग उतार."

याला मोजमापही आहे. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन खेळाडूने एक खाचेची पट्टी बनवली. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट हिरवळीवर जितके फूट जाईल, ती तिची गती. आठ फुटांच्या हिरवळीवर चालणारा उतार बारा फुटांना चालत नाही. चेंडू होलपाशी थांबतच नाही, खाली घरंगळतो. म्हणून होलभोवती दोन-तीन फूट जागा जवळपास सपाट हवी. १९९८ च्या यूएस ओपनमध्ये पेन स्टुअर्टचा चेंडू अठराव्या होलला चुकला आणि थेट २५ फूट खाली गेला. शेवटी तो एका फटक्याने हरला. होलच्या जागेवर तेव्हा फार टीका झाली.

मला यात आपला पांडेसरा दिसतो. खानदेशातून आलेली आपली पोरं मिलमध्ये लागली, कर्ज काढून खोली घेतली. पगार हातात १० तारखेला, आणि कर्जाचा हप्ता ५ तारखेला! माणूस प्रामाणिक, पैसे वेळेवर टाकायची नियत, तरी दर महिन्याला दंड आणि थकबाकीदाराचा शिक्का. मी वरच्या ऑफिसला तीनदा लिहिलं. सहा महिन्यांनी तारीख १५ झाली. व्याज तेच, रक्कम तीच, पण निम्मी थकबाकी आपोआप मिटली.

नियम सोपा करा असं मी कधीच म्हटलं नाही. होल अवघड असू दे, पण नीट मारलेला चेंडू तिथे थांबला पाहिजे. पोरांच्या फीची तारीख असो की सोसायटीच्या मेंटेनन्सची, ठरवणाऱ्याने आधी समोरच्याचा उतार बघावा.

तुमच्या गल्लीत अशी एखादी तारीख आहे का? खाली जरूर लिहा.