जोगेश्वरींतील एक शिरस्त्राण

जोगेश्वरीच्या गुंफेचा काळ विद्वानांनीं तिच्या शिल्पशैलीवरून ठरविला आहे. ती सहाव्या शतकांतील असें ते सांगतात. गुंफा नातवास दाखवून आम्ही पश्चिमेकडील ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत गेलों. तेथें मोडक्या खुर्च्यांखालीं एक पोलादी शिरस्त्राण पडलें होतें. तें पहिल्या महायुद्धांतील असल्याचें दुकानदारानें सांगितलें व किंमतही तशीच चढवून सांगितली.

आकारावरून तें खरें वाटावें. असें पसरट शिरस्त्राण जॉन ब्रोडी यानें १९१५ सालीं योजिलें. परंतु १९३८ च्या सुमारास इंग्रजांनीं काढलेला दुसरा नमुनाही दिसण्यांत जवळजवळ तसाच होता. म्हणून आम्हीं तें उलटें करून पाहिलें. हनुवटीचा पट्टा चामड्याचा नसून स्प्रिंगा लावलेला कापडी होता. आंतील अस्तर माथ्याशीं स्क्रूनें बसविलेलें होतें. हीं दुसऱ्या नमुन्याचीं लक्षणें. तथापि एवढ्यानें निर्णय होत नाहीं; कारण पहिल्या युद्धांतील कांहीं शिरस्त्राणांसही पुढें नवें अस्तर व नवा पट्टा लावीत. नातवानें कांठाखालचा मळ पुसला, तेव्हां खुद्द पोलादावर ठोकलेलें साल दिसलें : १९४१.

त्याच वर्षीं मराठा पलटणींतील शिपाई आफ्रिकेंत केरनच्या डोंगरांत लढले. हें शिरस्त्राण कोणी घातलें होतें, हें आम्हांस कळणें नाहीं. परंतु खोटें साल सांगितल्यानें घालणाराची पिढीच बदलते, हें नातवास त्या दिवशीं उमगलें. दुकानदारानें किंमत उतरविली, आणि तें शिरस्त्राण आतां आमच्या माजघरांत आहे.