तीन मिनिटे आणि वाढीव सेकंद

बुद्धिबळातील किताबधारक खेळाडू, म्हणजे ‘फिडे’ या जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर, आंतरराष्ट्रीय मास्टर, फिडे मास्टर किंवा तत्सम किताब दिलेला खेळाडू, संगणकाच्या पडद्यावर तीन मिनिटांचे डाव खेळू लागतो तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न हौशी खेळाडूच्या प्रश्नाहून मुळातच वेगळा असतो. हौशी खेळाडूला खेळ अजून शिकायचा असतो. किताबधारकाला तो येत असतो, आणि तरीही मानांकनात आपल्याहून बऱ्याच खाली असलेल्या एखाद्या शाळकरी पोरापुढे त्याचा वेळ संपतो आणि जिंकत आणलेला डाव हातचा जातो. अशा वेळी ‘भरभर विचार करा’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो तो त्याच्या फारसा कामाचा नाही, कारण विचाराचा वेग ठरवून वाढवता येत नाही आणि वयाबरोबर तो थोडा उणावतोच. त्याच्या हाती खरोखर असते ते एवढेच, की घड्याळ चालू असताना घ्यावे लागणारे निर्णय संख्येने कमी करावेत आणि उरलेले योग्य जागी घ्यावेत.

नियमांच्या भाषेत, साठ चालींच्या हिशेबाने ज्या डावात प्रत्येक खेळाडूला एकूण दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो तो डाव अतिजलद, म्हणजे ब्लिट्झ. दहा मिनिटांहून जास्त आणि साठ मिनिटांहून कमी वेळेचा डाव जलद, म्हणजे रॅपिड. एक-दोन मिनिटांत उरकणारे ‘बुलेट’ डाव ही मुख्यतः ऑनलाइन जगाची निर्मिती आहे. प्रत्येक चालीनंतर घड्याळात ठरावीक सेकंदांची भर घालण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिच्या घड्याळासाठी बॉबी फिशरने १९८८ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते घड्याळ वापरले गेले. जागतिक ब्लिट्झ अजिंक्यपद स्पर्धेत तीन मिनिटे आणि चालीमागे दोन सेकंद असा वेळ असतो, तर केवळ किताबधारकांसाठी चेस डॉट कॉमवर होणाऱ्या ‘टायटल्ड ट्यूजडे’ या स्पर्धेत तीन मिनिटे आणि एकच सेकंद.

हा एक सेकंद किरकोळ वाटतो, पण त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चाळीस चालींचा डाव धरला आणि पहिल्या बारा चाली प्रत्येकी एका सेकंदात झाल्या, तर प्रत्येक चालीचा खर्च वाढीव सेकंदाने भरून निघतो आणि तेराव्या चालीला घड्याळात पूर्ण तीन मिनिटे शिल्लक असतात. पुढच्या अठ्ठावीस चालींपैकी तीन चालींवर अर्धा-अर्धा मिनिट खर्च केला तरी बाकीच्या प्रत्येक चालीला साडेचार सेकंदांहून अधिक वेळ उरतो, आणि मास्टरच्या नजरेला साडेचार सेकंद पुष्कळ झाले. याउलट त्याच बारा चालींवर पाच-पाच सेकंद घालवणाऱ्याला पुढे तीनदा थांबून विचार करायचा झाला, तर बाकीच्या चाली पावणेतीन सेकंदांच्या मानाने ओढाव्या लागतात. दोघांचे ज्ञान सारखे असले तरी डाव सारखा राहत नाही, आणि हा फरक पडतो तो डावातील सर्वांत कंटाळवाण्या भागात, जिथे दोघांनाही सगळे ठाऊकच असते.

म्हणून सुधारणेचे पहिले काम डावाच्या सुरुवातीवर करावे लागते, मात्र ते नव्या चाली पाठ करण्याचे काम नव्हे. संथ डावांसाठी तयार केलेली शस्त्रे, उदाहरणार्थ सिसिलियन बचावातील नायडॉर्फ प्रकार, इतकी धारदार असतात की एक चाल विसरली तरी आपलाच हात कापतो, आणि तीन मिनिटांत आठवायला सवड नसते. त्यापेक्षा ज्या सुरुवातींतून ठरावीक घडणीचे मध्यडाव निघतात आणि मोहऱ्यांच्या जागा फारशा बदलत नाहीत, त्या इथे अधिक उपयोगी पडतात. पांढऱ्याने उंट एफ४ वर आणून खेळायच्या लंडन पद्धतीला जाणकार नाके मुरडतात, आणि रसिक म्हणून ते सर्वस्वी चूकही नाहीत; परंतु अतिजलद डावात तिचे मोल असे की पहिल्या आठ-दहा चालींत खेळाडूला स्वतःशी वाद घालावा लागत नाही. आद्रियान डे ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाच्या १९४६ च्या प्रबंधात असे दिसून आले की निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील स्थिती क्षणभर दाखवली तर तो ती बव्हंशी जशीच्या तशी मांडतो, आणि पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांच्या प्रयोगांत असे, की मोहरी वाटेल तशी विखुरली तर त्याचे वर्चस्व जवळजवळ नाहीसे होते. निष्णाताची नजर सुटी मोहरी पाहत नाही, ओळखीचे गट पाहते. तेव्हा ज्या घडणी त्याने संथ डावांत स्वतः घासून घेतल्या आहेत त्यांतच त्याने ब्लिट्झ खेळावे, हा निष्कर्ष सरळ आहे. एकाकी प्याद्याचे मध्यडाव ज्याने वर्षानुवर्षे खेळले त्याला घोडा ई५ वर केव्हा जातो हे शोधावे लागत नाही.

पडद्यावरच्या खेळाचे स्वतःचे असे एक अवजार आहे, ते म्हणजे प्रीमूव्ह: प्रतिस्पर्ध्याची पाळी चालू असतानाच आपली पुढची चाल नोंदवून ठेवण्याची सोय. लिचेस या संकेतस्थळावर अशा चालीला वेळ अजिबात लागत नाही, पण एका वेळी एकच चाल नोंदवता येते. चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग खर्ची पडतो, पण लागोपाठ अनेक चाली नोंदवता येतात. या सोयीचा धोका सर्वांना ठाऊक असूनही चांगले चांगले तिला बळी पडतात. पांढऱ्याने बी३ खेळले, काळ्याने जी६ खेळून लगेच उंट जी७ अशी चाल नोंदवून ठेवली, आणि पांढऱ्याने उंट बी२ वर आणला, की नोंदवलेली चाल आपोआप होते आणि मोकळ्या कर्णावरचा पांढरा उंट जी७ वरचा उंट फुकट मारून पुन्हा एच८ वरच्या हत्तीवर नजर ठेवतो. तिसऱ्या चालीला डाव संपल्यात जमा. तेव्हा प्रीमूव्ह तिथेच नोंदवावी जिथे प्रतिस्पर्ध्याने काहीही खेळले तरी ती चाल चुकीची ठरत नाही, किंवा जिथे त्याला एकच कायदेशीर चाल आहे.

याच सोयीची दुसरी बाजू मात्र कमी जणांच्या ध्यानात येते, आणि किताबधारकाला खरी कमाई तिथे आहे. शह देणे किंवा मारामारी करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर दबाव आणणे, ही संथ खेळातली समजूत पडद्यावर उलटी पडते, कारण उघड मारामारीला उघड प्रत्युत्तर असते आणि ते त्याने आधीच नोंदवून ठेवलेले असते. म्हणजे आपण सेकंद खर्चून खेळलेल्या चालीला तो फुकटात उत्तर देतो. तेवढ्याच ताकदीची एखादी शांत चाल, जसे की राजा एच१ वर सरकवणे किंवा हत्ती न बोलता मधल्या उभ्या पट्टीवर आणणे, त्याची नोंदवलेली चाल निकामी करते आणि त्याला नव्याने पट पाहायला लावते. मारामारीचा ताण कायम ठेवून पाळी त्याच्याकडे सोपवणारा खेळाडू त्याच्या घड्याळातून वेळ काढून घेत असतो. संगणकाच्या मूल्यमापनात दोन्ही चालींचा आकडा एकच येईल, आणि म्हणूनच केवळ तो आकडा पाहून ब्लिट्झ शिकू पाहणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसत नाही.

डावाच्या अखेरीविषयी थोडक्यात एवढेच, की वेळ संपला तरी प्रतिस्पर्ध्याकडे नुसता राजा उरला असेल तर बरोबरी मिळते, तेव्हा शेवटच्या प्याद्यासाठी मोहरे देऊन टाकणे अनेकदा पराभवापेक्षा परवडते. आणि काही अंतिम स्थिती बोटांना पाठ असाव्या लागतात. हत्ती व उंट विरुद्ध एकटा हत्ती ही स्थिती सिद्धान्ताप्रमाणे बहुधा बरोबरीची आहे, पण एकही मोहरे न मारता आणि प्यादे न हलवता पन्नास चाली निघेपर्यंत बचाव टिकवावा लागतो, तोही चालीमागे एका सेकंदात. कॉक्रेन याच्या नावाने ओळखला जाणारा बचाव इथे उपयोगी पडतो: आपल्या हत्तीने मागच्या बाजूने प्रतिस्पर्ध्याचा उंट त्याच्याच राजाशी जखडून ठेवायचा, आणि तो राजा एका बाजूला सरकला की आपला राजा विरुद्ध बाजूला न्यायचा. ज्याला हे सूत्र माहीत आहे त्याला हिशेब करावा लागत नाही. ज्याला नाही तो ग्रँडमास्टर असला तरी विसाव्या-पंचविसाव्या चालीला चुकतो.

ब्लिट्झने खेळ बिघडतो, हे मत जुने आहे आणि बोटविनिकसारख्या विश्वविजेत्याने ते आयुष्यभर बाळगले. दुसऱ्या बाजूला, लहानपणी चेन्नईच्या ताल क्लबमध्ये, जिथे जिंकणारा पटावर बसून राहायचा आणि हरणारा रांगेत मागे जायचा, तिथे वाढलेल्या विश्वनाथन आनंदने २०१७ साली रियाधमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जागतिक रॅपिड अजिंक्यपद मिळवले. आज तर वादच मागे पडला आहे. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही संथ डाव बरोबरीत सुटले, शेवटच्या डावात कार्लसनने बऱ्या स्थितीतच बरोबरी देऊ केली, आणि जलद डाव ३-० ने जिंकून विश्वविजेतेपद राखले. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला तोही कोनेरू हम्पीविरुद्ध दोन संथ डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांतच, आणि त्या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला.

ऑनलाइन मानांकनाचे मात्र कौतुक मर्यादेत ठेवलेले बरे. लिचेस आणि चेस डॉट कॉमची मानांकने मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतींवर चालतात, त्यांचे आकडे परस्परांशी वा फिडेच्या यादीशी जुळत नाहीत, आणि एका रात्रीत शंभर गुण खाली येणे हे कौशल्य घटल्याचे लक्षण नसते. ते बहुतेक वेळा खेळाडू ज्याला ‘टिल्ट’ म्हणतात त्याचे लक्षण असते: हरलेला डाव लगेच वसूल करण्याच्या भरात पुढचा डाव सुरू करायचा, तो हरायचा, आणि आणखी त्वेषाने तिसरा सुरू करायचा. लागोपाठ दोन डाव गेले की उठायचे, हा नियम घरी खेळताना पाळता येतो. टायटल्ड ट्यूजडेच्या अकरा फेऱ्यांत पाळता येत नाही, आणि म्हणून तो घरी आधीच अंगवळणी पडलेला असावा लागतो.

राहता राहिले ते खेळलेल्या डावांचे परीक्षण, ज्याचा सर्वांनाच कंटाळा. १९७० साली हेर्सेग नोव्ही येथील पाच मिनिटांच्या स्पर्धेत फिशरने २२ पैकी १९ गुण मिळवून दुसऱ्या आलेल्या तालला साडेचार गुणांनी मागे टाकले, आणि नंतर सर्व बावीस डाव आठवणीतून सांगितले असे म्हणतात. आता प्रत्येक डाव आपोआप साठवला जातो, त्यामुळे तो कोणीच आठवत नाही आणि फारसे कोणी पाहतही नाही. जो पाहतो तोही संगणकाने लाल खुणेने दाखवलेल्या चुकीवर थेट उडी घेतो: एकतिसाव्या चालीला घोडा गेला, सहा सेकंद उरले होते, वेळेची अडचण होती, प्रकरण मिटले. पण चालींच्या शेजारी खर्च झालेल्या सेकंदांचा जो दुसरा स्तंभ असतो तो वरपासून वाचत आले, तर चौदाव्या चालीसमोर अडतीस सेकंद दिसतात, आणि तिथे पाहावे तो हत्ती डी१ वर न्यावा की सी१ वर एवढाच प्रश्न होता, ज्याची दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर होती.