पायाखालची फळी

मुंबईत पावसाळा सरला की जुन्या इमारतींना परांच्या चढतात आणि तोच प्रश्न पुन्हा समोर येतो: फळ्या पत्र्याच्या घ्यायच्या की प्लास्टिकच्या? प्लास्टिकवाल्याचं म्हणणं खोटं नसतं. फळी हलकी, गंजत नाही, वीज वाहून नेत नाही आणि रात्रीतून कोणी ती भंगारात घालत नाही. पत्र्याची दोन मीटरची फळी १२-१४ किलोंची. सहाव्या मजल्यापर्यंत हातोहात चढवताना पोरांचे खांदे भरून येतात.

तरीही प्लास्टरच्या कामाला मी पत्र्याचीच मागतो. पोलादाचा ताठपणा साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या १०० पटींहून जास्त असतो. काचतंतू घातले, खाली जाड पन्हळी दिल्या की तफावत घटते, संपत नाही. शिवाय वजन तसंच ठेवलं तर प्लास्टिक तासागणिक थोडं थोडं लवत राहतं, उन्हात जास्तच. गवंडी, मदतनीस आणि मालाची दोन घमेली एका फळीवर आली की गवंड्याचं लक्ष थापीवरून पायाकडे जातं.

माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. पत्र्याची फळी जादा भाराने वाकली की वाकलेलीच राहते. खालून बघूनही ती बाजूला काढता येते. प्लास्टिक भार उतरला की बरंचसं सरळ होतं. उन्हाने ठिसूळ झालेली फळी दिसायला शाबूत असते. अंगठा घासला तर पांढरी भुकटी लागते, टोकाला परांचीत अडकवायच्या आकड्याजवळ बारीक भेगा असतात. पण सकाळच्या घाईत एवढं वाकून कोण बघतं?

पत्र्याची फळीही तपासावी लागतेच. आकड्याच्या वेल्डिंगवर सुकलेला माल चढतो आणि खालची चीर झाकून टाकतो. तारेच्या ब्रशने तो खरवडल्याशिवाय मी फळी वर जाऊ देत नाही.

रोहा-लोटेच्या रासायनिक कारखान्यांत गणित उलटं. आम्लाच्या वाफा पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खातात. तिथे, आणि विजेच्या तारांजवळही, फायबरग्लासची फळी बरी. वेल्डिंग होणार असेल तर साधं प्लास्टिक नकोच. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. ठिणगी त्याच्या कित्येक पट तापलेली असते.

म्हणून मागणीपत्रात दराआधी मी विचारतो: या फळीवर किती माणसं उभी राहणार, किती माल ठेवणार, ठिणगी पडणार का? पुरवठादार वैतागतात. उत्तर आल्याशिवाय मी सही करत नाही.