सुट्टीतील कमाटीबाग

पोटापाण्यासाठी दूर शहरी राहणारा बाप आणि गावी वाढणारी मुले यांच्यामध्ये जे अंतर पडते, ते केवळ मैलांचे नसते. दूरध्वनीवर खुशाली कळते, महिन्याचे पैसे वेळेवर पोचतात. परंतु मूल कशास भिते, कशाने हसते, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यास त्याच्या संगतीत रिकामा वेळ घालवावा लागतो.

गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून अकरा वर्षांची थोरली व सात वर्षांचा धाकटा मामाच्या सोबतीने आमच्याकडे वडोदऱ्यास आली. भात कापणीस आल्यामुळे त्यांच्या आईस येता आले नाही. पहिले दोन दिवस मुले विचारल्याखेरीज बोलत नसत. जेवताना मीठ हवे असले, तरी ती आम्हांस न मागता शेजारच्या काकूंकडे जात. तिसऱ्या दिवशी, पहिली पाळी संपताच, आम्ही त्यांस कमाटीबागेत घेऊन गेलो; आणि पुढे तो रोजचाच परिपाठ झाला.

या बागेचे दुसरे नाव सयाजीबाग. नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर आले. १८७९ साली ही बाग झाली, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. विश्वामित्री नदीच्या काठी सुमारे ११३ एकरांत ती पसरली आहे. जवळच्या चौकात महाराजांचा अश्वारूढ पुतळा असून त्या जागेस लोक 'काळा घोडा' असेच म्हणतात. बागेतच वस्तुसंग्रहालय आहे. तेथे मिसर देशातील एक ममी व १९४४ साली मही नदीत वाहून आलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे. त्या सांगाड्याची लांबी धाकट्याने पावलांनी मोजली व मध्येच आकडा चुकल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आम्हीही त्याच्याबरोबर मोजत राहिलो.

वडोदरा हे नाव वडाशी निगडित आहे. इ. स. ८१२ च्या ताम्रपटात हे गाव 'वडपद्रक' म्हणून येते. एके दिवशी आम्ही एका वडाखाली बसलो असता थोरली आपण होऊन म्हणाली, "बाबा, पारंबी मातीला लागली की जाड होते आणि खोडासारखी झाडाला टेकू देते. आजीनं दाखवलंय." आम्हांस ते ठाऊक नव्हते असे नाही, परंतु तिने न विचारता आम्हांस काही सांगावे, हे प्रथमच घडत होते. म्हणून आम्ही मुकाट्याने ऐकले व आणखी विचारीत गेलो.

विश्वामित्रीत मगरी आहेत. भरवस्तीतील नदीत मगरी असाव्यात, हे मुलांस खरे वाटेना. पुलावरून पाण्याकडे पाहत आम्ही त्यांस सांगितले, की मगरीण काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते व घरट्याची राखण करते. पिलांचा आवाज आला, की माती उकरून त्यांस हलकेच जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते.

"आणि त्यांचे बाबा?" धाकट्याने विचारले.

"या जातीचा नरही कधी कधी पिलांना पाण्यात नेतो, असं पाहिलेलं आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही गावी कधी येणार?"

त्या प्रश्नास 'बघू' असे उत्तर देण्याची आमची जुनी सवय; पण त्या दिवशी ते ओठावर येईना. दुसऱ्याच दिवशी आम्ही नाताळच्या रजेचा अर्ज केला. रजा मिळाली आणि नाताळात आठ दिवस आम्ही घरी राहिलो. त्या आठ दिवसांत धाकट्याने आम्हांस ओढ्याकाठची प्रत्येक करवंदाची जाळी दाखविली.

वाचकहो, मुलांस सुट्टीत कोठे न्यावे, याची चिंता पुष्कळांस पडते. त्यासाठी राजाचीच बाग हवी असे नाही. गावची आमराई किंवा देवळामागील चार झाडेही पुरतात. मात्र आईबापांनी तेथे घाई नसल्यासारखे बसावे. मूल बोलू लागण्यास दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस हाताशी ठेवूनच सुट्टीचा बेत करावा.