न दिसणारा रफू

यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेला भिवंडीकर कोणतीही भरजरी वस्तू समोर आली की तिच्या शोभेपेक्षा तिची वीण कोठे उसवली आहे याचाच तपास आधी घेतो. हीच खोड बरोबर घेऊन, ठाण्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे दादरला गाडी बदलून, मी एका रविवारी सायंकाळी चर्नी रोडला उतरलो व ज्या वास्तूच्या नावाने भोवतालचा सारा मोहल्लाच ओळखला जातो, त्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या दालनात शिरलो.

मॉरिस बँडमन हा नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाचे दलाल, या दोघांच्या तजविजीने १९०९ साली पायाभरणी झालेल्या, आणि १९११ साली बांधकाम अपुरे असतानाच बादशहा पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या बरोक शैलीच्या इमारतीचे वैभव प्रेक्षागृहाच्या आधी दालनातच प्रकट होते. दर्शनी घुमटाचे आठ भाग कवी, कादंबरीकार व नाटककारांच्या गौरवार्थ योजिलेले. सोनेरी मुलामा दिलेली नक्षी. आणि ससून घराण्याने नजर केलेली, त्यांच्या भायखळ्याच्या 'साँ सूसी' या हवेलीचे नाव मिरवणारी स्फटिकांची प्रचंड झुंबरे. हा थाट केवळ संपत्तीचे प्रदर्शन नव्हे. रस्त्यावरची धूळ आणि घरची विवंचना घेऊन आलेल्या मनुष्याचे प्रेक्षकात रूपांतर व्हावे, एवढ्यासाठीच तो मांडलेला असतो.

ज्या रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ गायले, त्याच्या नशिबी १९३५ नंतर चित्रपटाचा पडदा आला. त्या सोयीसाठी प्रेक्षागृहातले मूळचे बॉक्स, म्हणजे खासगी बैठकीचे कक्ष, काढले गेले. १९५२ साली गोंडलच्या महाराजांकडे मालकी गेली, आणि १९९३ साली दरवाजेच बंद झाले. पुढे वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुन्या छायाचित्रांच्या आधारे हरवलेले बॉक्स पुन्हा उभारले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात पडदा पुन्हा वर गेला.

आमच्याकडचा जाणता रफूगार नवा धागा बाजारातून आणीत नाही. त्याच वस्त्राच्या आतल्या दुमडीतून तो हलकेच ओढून घेतो. या वास्तूची दुमड म्हणजे ती छायाचित्रे.

तिसरी घंटा झाली, दालन रिकामे झाले, तरी मी मान वर करून सांधा शोधीतच उभा होतो. अखेर माझ्या भिवंडीकर डोळ्यांनी हार कबूल केली, आणि त्या हारीच्याच आनंदात मी आत जाऊन बसलो.