सुकेळी, ६१७४ आणि संगणक

'डेटा ॲब्स्ट्रॅक्शन' आणि 'रिकर्शन' हे शब्द पहिल्यांदा कानांवर पडले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मी आगाशीचा, मराठी शाळेत शिकलेला. वाटलं, हे काही आपलं काम नव्हे! पण खरं सांगू? यातली पहिली गोष्ट आमच्या आगाशीच्या सुकेळ्यांतच आहे.

राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. गिऱ्हाईक दुकानात म्हणतं, "पाव किलो सुकेळी द्या." ती किती दिवस वाळवली, कशावर वाळवली, हे त्याला ठाऊक नसलं तरी अडत नाही. काय हवं ते मागायचं. कसं करायचं ते करणारा बघेल. डेटा ॲब्स्ट्रॅक्शन म्हणजे हेच. प्रोग्रॅममधल्या 'ऑब्जेक्ट'ला आपण काम सांगायचं, आतली माहिती तो सांभाळतो.

रिकर्शनसाठी आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणूला चला. तिथे १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेली गंमत पाहा. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. समजा, ३५२४ घेतली:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही करा, ६१७४च! कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येते.

आता पायऱ्या मोजणारं फंक्शन लिहू. संख्या ६१७४ असेल तर उत्तर शून्य. नसेल तर एक वजाबाकी करायची आणि उत्तर द्यायचं, 'एक अधिक उरलेल्या पायऱ्या.' उरलेल्या कोण मोजणार? तेच फंक्शन! ते स्वतःलाच हाक मारतं. हे रिकर्शन. मात्र थांबायची जागा हवीच. ११११ दिली तर शून्य येतं, ६१७४ कधीच येत नाही आणि हाका संपत नाहीत. म्हणून तशा संख्येला आधीच 'नाही' म्हणायचं.

दोन्ही गोष्टी एकत्र कशा येतात पाहा. २१११ − १११२ = ९९९. पुढचं शून्य गळलं तर ९९९ − ९९९, खेळ खलास! ते ०९९९ असं जपायचं काम ऑब्जेक्टचं. फंक्शनने फक्त म्हणायचं, 'मोठी दे, लहान दे.'

अजून पुरतं न लिहिलेल्या फंक्शनवर भरवसा ठेवणं मला सर्वांत अवघड गेलं. पण सुकेळी मागताना आपण भरवसा ठेवतोच की!

आता कागद-पेन्सिल घ्या आणि कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ करून पाहा. किती पायऱ्या लागल्या? बरोब्बर सात!